पिवळ्या दिवसाची सुपारी

कॉलेजवाल्यांनी अण्णावर गौरवग्रंथ काढायचं ठरवलंय. ‘घरातले गुंडुराव सर’ म्हणून माझ्याकडे दोन पानं मागितली आहेत. फोनवरची बाई म्हणाली, अज्जी, गोड गोड आठवणी लिहा. मी म्हैसुरात नजरबादच्या सरकारी कचेरीत चौतीस वर्षं रेकॉर्ड सांभाळलं. गोड वेगळं, कडू वेगळं अशा फायली आम्ही कधी लावल्या नाहीत. जे झालं ते तारखेवार लावायचं. तसंच लिहिते. छापायचं तर छापा, नाही तर बिडु, सोडून द्या, माझं काही अडलेलं नाही.

माझा भाऊ गुंडुराव. वय शहात्तर. छत्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातही तर्कशास्त्र जास्त. कन्नडमध्ये अकरा पुस्तकं लिहिली. आम्ही मूळचे रंगारी. कापड रंगवायचं, त्यावर छापे मारायचे, कुंचल्यानं रेघा भरायच्या, हा घरचा धंदा. म्हैसुरात किती पिढ्या झाल्या ते आता कुणाला सांगता येत नाही. घरात मराठी बोलतो, पण त्यात कन्नड इतकं मिसळलंय की पुण्याचे पाहुणे आले की तोंडावर हात ठेवून हसतात. हसू देत.

अण्णा शिकला. मी टायपिंग शिकून नोकरीला लागले, कारण घरात एकालाच कॉलेजात पाठवण्याइतका दम होता. लग्न केलं नाही. वहिनी गेल्यावर अण्णाचा संसार माझ्याच गळ्यात पडला. मला त्याचा राग नाही. राग एकाच गोष्टीचा आहे. या माणसानं आयुष्यभर मुलांना सांगितलं, प्रश्न विचारा, कारण विचारा. मला मात्र त्यानं जेवायला काय आहे यापलीकडे कधी काही विचारलं नाही.

त्याला नाद किती होते म्हणून सांगू. घरात भिंतीवरची सात घड्याळं, सगळी जुन्या बाजारातली, स्वतः खोलून दुरुस्त केलेली. परसात नऊ जातींच्या केळी, प्रत्येकीच्या गळ्यात नावाची पाटी. दसऱ्याच्या कुस्त्यांना पहिल्या रांगेत वही घेऊन बसायचा आणि कुठल्या पैलवानानं कुठला डाव कधी टाकला ते टिपायचा. पैलवान त्याला ‘प्रोफेसर वस्ताद’ म्हणायचे. कुठलाही नाद त्यानं अर्धवट सोडला नाही. हातात घेतलं की तळापर्यंत जायचा. लोक याला गुण म्हणतात. मीही म्हणत होते.

आता अप्पांचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं. अप्पा म्हणजे आमचे वडील, घरातले शेवटचे रंगारी. त्यांच्याकडे हरताळ होता. हा एक पिवळाधमक दगड. तो कुटायचा, गोंदाच्या पाण्यात खलायचा आणि कापडावर बारीक पिवळ्या रेघा काढायच्या. ज्या दिवशी हे काम, तो आमच्या घरात पिवळा दिवस. सकाळी अप्पा देवापुढची अख्खी सुपारी उचलून दाढेत धरायचे. काम संपेपर्यंत ती काढायची नाही, बोलायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. संध्याकाळी तीन चुळा भरायच्या आणि सुपारी विहिरीमागे पुरायची. निळ्याला, तांबड्याला असलं काही नव्हतं. त्या दिवशी अप्पा गप्पा मारत, गाणी म्हणत, ओठांत धरून कुंचल्याला टोक काढत काम करायचे. त्यांचे ओठ निळे झालेले मला अजून आठवतात. पिवळे झालेले आठवत नाहीत.

अण्णानं दहाव्या वर्षी विचारलं होतं, सुपारी का? अप्पा म्हणाले, रीत आहे. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांच्या बापानं सांगितलं, त्यांनी पाळलं.

पुढं अण्णानं पुस्तक लिहिलं. कन्नड नावाचं मराठी करायचं तर ‘रिकाम्या रीती’. त्याचं तिसरं प्रकरण आहे, ‘माझ्या वडिलांच्या तोंडातली सुपारी’. कारण मरून जातं आणि रीत उरते, असा त्याचा मुद्दा. त्यातलं एक वाक्य पोरांना फार आवडायचं, तोंडात काय आहे ते रंगाला कसं कळणार? वर्गात हशा पिकायचा. हे प्रकरण कितीतरी वर्षं अभ्यासाला होतं. मी एकदा त्याला म्हटलं, अरे, अप्पांच्या तोंडाची टिंगल कशाला गावभर? तो म्हणाला, “अंबू, ती टिंगल नाही, उदाहरण आहे.” मी स्वयंपाकघरात निघून गेले.

दोन वर्षांपूर्वी त्याला नवा नाद लागला, जुन्या पोथ्यांचा. पोथ्या लिहिणारे लोक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावायचे आणि वाळल्यावर त्यावरच पुन्हा लिहायचे, हे त्याला कुठंतरी वाचायला मिळालं. “अंबू, हरताळ फासला असं आपण म्हणतो ना, ते इथनं आलंय,” तो लहान मुलासारखा सांगत होता. बापाचा दगड आणि त्याचा ग्रंथ एकाच जागी भेटले, यानं तो हरखून गेला. मागच्या छपरीत अप्पांची मातीची बरणी होती. तोंडाला मेण, वर फडकं, फडक्याला सात गाठी. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, दुसऱ्या दिवशी त्यानं त्या गाठी कात्रीनं कापल्या. अप्पांनी बांधलेल्या गाठी निदान हातानं सोडव, असं मी म्हटलं होतं. त्याला घाई होती.

मग तो हातकागदावर एक जुना तर्काचा ग्रंथ स्वतःच्या अक्षरात उतरवायला बसला. रोज सकाळी चार तास. चूक झाली की कुंचला हरताळात बुडवायचा, ओठांत धरून टोक काढायचं, अक्षर झाकायचं. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. अप्पांचं बघून लहानपणीच हाताला लागलं होतं. मी दाराशी यायचे, त्याचे पिवळे ओठ बघायचे आणि ओलं फडकं पुढं करायचे. पुस रे, बाहेरचं कुणी येईल. दोन वर्षं मी एवढंच म्हणत राहिले.

गेल्या दसऱ्यानंतर स्पंदना यायला लागली. आमच्याच लोकांतली पोर, पीएचडी करतेय. वडील बेळगोळच्या कारखान्यात, कामावर जाता जाता तिला स्कूटरवरून सोडायचे. तिचं मराठी म्हणजे कन्नडला दिलेली मराठीची फोडणी. पण हुशार, आणि अण्णाच्या शब्दावर जीव टाकणारी. अण्णानं तिला शेजारी दुसरा पाट मांडून दिला आणि पोथी उतरवायला शिकवलं. पोरीचं अक्षर सुरेख होतं. चुकाही बऱ्याच व्हायच्या.

पहिली खूण आली ती एकादशीला. आमच्याकडे एकादशीला कांदा-लसूण नाही. सकाळी अण्णाला गोळी द्यायला गेले तर तोंडाला लसणाचा भपकारा. मी फाडफाड बोलले. म्हटलं, निदान वहिनीच्या नावानं तरी ही एकादशी पाळायची होतीस, गाड्यावर जाऊन काय चरून आलास? तो शांतपणे म्हणाला, “मी लसूण खाल्लेला नाही. वासावरून लसूण सिद्ध होत नाही, अंबू. जिथं जिथं हा वास तिथं तिथं लसूणच, हे आधी दाखव.” पुढच्या एकादशीला तेच. त्याच्या पुढच्याही. मी घरातला लसूण कुलपात ठेवला तरी वास जाईना. तो खरंच बोलत होता, लसूण नव्हताच. पण लसूण नाही तर मग वास कशाचा, हा पुढचा प्रश्न त्यानं विचारला नाही. वाद जिंकला आणि पोथीकडे वळला.

मग पोट. आठवड्यातून दोनदा कळा, जुलाब. मग तळहात खरबरीत, फरशी घासणाऱ्या बाईसारखे. पाठीवर काळपट डाग. गल्लीतल्या डॉक्टरनं तपासलं, सर, वय झालं म्हणाला, ताकदीच्या गोळ्या दिल्या. अण्णा खूश. मी म्हटलं मोठ्या दवाखान्यात जाऊ. तो म्हणाला, प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण आहे, पोटाला तुझं तिखट, हाताला थंडी, डागांना ऊन. शहाण्या माणसाकडे कारणांना काय तोटा. मी हात टेकले.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही तलकाडला गेलो. वाळूतली देवळं अण्णाला स्पंदनाला दाखवायची होती. आम्हाला पोचायलाच बारा वाजले, आणि चपला खाली सोडलेल्या. देवळाबाहेरच्या उघड्या वाळूवर पाय ठेवला आणि मी किंचाळले. स्पंदना तर टणाटण उड्या मारत सावलीला पळाली. अण्णा मात्र रमतगमत चालत होता. मध्येच थांबून वर बघून देवळं वाळूत कशी गाडली गेली ते सांगत होता. येणारेजाणारे बघत होते. एक बाई हात जोडून म्हणाली, मोठे साधक दिसतात. अण्णाला ते आवडलं. घरी येऊन त्याचे पाय बघितले तर दोन्ही तळव्यांना बोटाएवढे फोड. मी कापूस लावत होते आणि तो वर्तमानपत्र वाचत होता. “दुखतंय का?” मी म्हटलं. “कुठं?” असं त्यानं विचारलं.

माझा भाऊ पायाकडून चाललाय, हे मला कळत होतं. कशानं ते कळत नव्हतं. घरात काहीतरी आहे एवढं मात्र वाटत राहायचं. मी विहिरीचं पाणी बंद केलं, तांदूळ बदलला, पितळी भांडी बाहेर काढली. घड्याळं एकेक करून थांबायला लागली. बारीक किल्ली त्याच्या बोटांत राहीना. मला चावी देऊ दे म्हटलं तर तो म्हणायचा, बिघडवशील. शेवटी एकच टिकटिकत होतं, तेही मागं पडलेलं.

एक दिवस नेलकटर त्याच्या हातून तीनदा पडलं, म्हणून त्याची नखं मी कापायला घेतली. दहाही नखांवर आडव्या पांढऱ्या रेघा. एकीखाली एक, सरळ. म्हटलं हे काय? तो म्हणाला, नखं हळू वाढतात, काहीतरी जुनं असेल, कॅल्शियम. मी कापत राहिले.

चार दिवसांनी स्पंदनाला कॉफी दिली. तिच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, नवा रंग लावायचा म्हणून ती नखं पुसून आली होती. पेला घेताना बोटं माझ्यासमोर आली. प्रत्येक नखावर एक आडवी पांढरी रेघ. मी ट्रे खाली ठेवला. विचारलं, बरी आहेस ना गं? “हो अज्जी, स्वल्प मळमळतंय आठवडाभर, अष्टे, तेवढंच.” जवळ वाकले, तर लसणाचा वास.

मी दारापर्यंत गेले आणि वळले. दोघं आपापल्या पाटावर खाली मान घालून बसले होते. एकाच वेळी दोन कुंचले वाटीत बुडाले आणि एकाच वेळी दोघांच्या ओठांत गेले.

आणि मला अप्पांचा गाल दिसला. सुपारीनं फुगलेला. मिटलेलं तोंड. दिवसभर न उघडलेलं, पाण्याचा थेंबसुद्धा आत न घेतलेलं तोंड.

मी खोलीत गेले आणि अण्णाच्या हातातला कुंचला ओढून घेतला. तो चिडला. मी म्हटलं, “अप्पा निळ्या दिवशी कुंचला ओठांत धरायचे. पिवळ्या दिवशी धरायचे का? आठव.”

“म्हणजे?”

“तोंडात सुपारी होती. कुंचला जाणार कुठं?”

तो हसला. खरंच हसला. “अंबू, हा योगायोग झाला. दोन गोष्टी शेजारी आहेत म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही. माझं वय...”

“तुझं वय शहात्तर,” मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. “हिचं किती? हिला थंडी आहे? हिला ऊन लागलं? हात बघ पोरीचा. मग तुझा बघ.”

स्पंदनानं घाबरून हात पुढं केला. अण्णानं चष्मा लावला. तिची बोटं उजेडाकडे वळवली, मग स्वतःची शेजारी ठेवली. मी त्याला वर्गात कधी बघितलं नाही, पण वर्गात तो असाच थांबत असावा. मग त्यानं विचारलं, “मळमळ कधीपासून?” तिनं सांगितलं. “कुंचला ओठांत धरायला तुला कुणी सांगितलं?”

“सर, तुम्हीच. पहिल्या दिवशी. तुम्ही दाखवलंत तसंच करते.”

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. भिंतीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “स्पंदना, जा, चूळ भर. एक नको. तीन भर.”

दवाखान्यात लघवी तपासली, केस तपासले. हरताळात सोमल असतो, म्हणजे आर्सेनिक, विषातलं विष, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तो लसणाचा वास, नखांवरच्या रेघा, सगळं त्याचंच. अशी माणसं बघितली नव्हती म्हणाल्या, दोघांच्या ओठांची गोष्ट त्यांनी दोनदा लिहून घेतली. पोरीच्या अंगात थोडंच गेलं होतं, सुटेल, वेळ लागेल. अण्णाबद्दल त्यांनी सुटेल असं म्हटलं नाही. हातापायांच्या नसा गेल्यात, त्या बहुतेक परत येणार नाहीत. लिव्हर बघावं लागेल, कातडीवरचे डाग दर तीन महिन्यांनी दाखवायचे, त्यातून पुढं काहीही निघू शकतं. बघू म्हणाल्या.

दवाखान्यात एका दुपारी त्यानं मला विचारलं, “अंबू, तुला माहीत होतं?”

“कारण नव्हतं माहीत. पिवळ्या दिवशी अप्पा मला बोटानं खोलीबाहेर जायला सांगायचे, एवढं माहीत होतं. आणि दोन वर्षं तुझे पिवळे ओठ बघत होते. सुम्ने, नुसतं फडकं देत राहिले.” मला रडू आलं. मी कुणापुढं रडत नाही, पण आलं. माझ्या डोळ्यांदेखत झालं हे सगळं, आणि मला लाज वाटत होती ती बाहेरचे लोक ओठ बघतील याची.

तो छताकडे बघत होता. “मी विचारायला हवं होतं.”

“कुणाला? अप्पा जाऊन चाळीस वर्षं झाली.”

“तुला. अप्पा बोलायचे नाहीत त्या दिवशी त्यांच्या दाराशी तूच असायचीस.”

सगळं आयुष्य आम्ही एका घरात काढलं. हे वाक्य त्यानं तेव्हा पहिल्यांदा म्हटलं, तेही हाताला सलाईन लावलेलं असताना.

घरी आल्यावर ती खोली साफ करणं आलं. बरणी न्यायला माणूस दुसऱ्या दिवशी येणार होता, कसं बांधून ठेवायचं ते दवाखान्यातून सांगितलं होतं. मी हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं. त्याआधी देवापुढची एक अख्खी सुपारी घेतली आणि दाढेत धरली. फडकं होतं, तिची गरज नव्हती. पण धरली. दोन्ही पाट पुसले, वाट्या, कुंचले पिशवीत घातले, बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं. सात गाठी मारल्या. सगळं आवरून मोजे काढले, हात साबणानं धुतले. चुळा भरायच्या राहिल्या होत्या, एवढ्यात आतल्या खोलीतून अण्णानं हाक मारली, अंबू, कागद घेऊन ये.

त्याच्या हातात आता पेन राहत नाही. अकरा पुस्तकं लिहिलेला हात चादरीवर नुसता ठेवलेला असतो. माझ्या अक्षराला तो आयुष्यभर कचेरीचं अक्षर म्हणून हसला. मी फडकं सोडून खुर्ची ओढून बसले आणि तो थांबत थांबत सांगायला लागला, मी लिहीत गेले.

“‘रिकाम्या रीती’, प्रकरण तिसरं. माझ्या वडिलांच्या तोंडातली सुपारी रिकामी नव्हती. विष तोंडात जाऊ नये म्हणून तोंड भरलेलं ठेवायचं, हे तिचं कदाचित कारण होतं. मला ते सापडलं नाही, म्हणून ते नाहीच असं मी लिहिलं. तसंच शिकवलं. हे माझ्या बहिणीनं शोधून काढलं. तिचं नाव अंबुजा.”

मी लिहिलं. तो म्हणाला, “वाच बघू.”

मी गप्प बसले. त्यानं पुन्हा म्हटलं, वाच ना. मी गालाला बोट लावून दाखवलं. काम संपेपर्यंत काढायची नाही. तो माझ्या गालाकडे बघत राहिला. मग हनुवटीनं खूण केली, तसा मी कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला. ओठ हलवत त्यानं सगळं स्वतः वाचलं. दुसऱ्या वाक्यापाशी परत गेला.

“यातलं ‘कदाचित’ काढ.”

मी खोडलं. साध्या बॉलपेननं, एक आडवी रेघ. कागद त्याच्या त्या पुस्तकात ठेवला आणि परसात गेले. नळाखाली चुळा भरल्या, खुरपं घेतलं, विहिरीमागे अप्पा पुरायचे त्याच जागी खड्डा केला, सुपारी टाकली, माती लोटली. हात झटकत उठले तर मागच्या खिडकीतून अण्णाची हाक आली. एवढं बोलायलाही त्याला आता दम लागतो.

“अंबू, तीन भरल्यास ना?”